बर्फ नसला म्हणून काय, वारा तर आहे!

तंजावरच्या मुलाला बर्फ माहीत असतो तो नन्नारी सरबताच्या गाडीवरचा. एप्रिल-मेच्या उन्हात बृहदीश्वराच्या आवारातल्या दगडी फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. अशा गावात कुणी बर्फावरच्या नावांच्या शर्यतीचा विषय काढला, तर ऐकणारा आधी हसेल आणि मग उन्हाने डोकं फिरलं का, असं विचारेल.

पण हा खेळ खरोखरच आहे. युरोप-अमेरिकेच्या थंड भागात हिवाळ्यात तळी गोठून घट्ट झाली की त्यांवर शिडाच्या नावा धावतात. नावेला खाली पोलादी पाती बसवलेली असतात, स्केटिंगच्या बुटांना असतात तशी. इंजिन नाही, वल्हं नाही. असतात फक्त एक शीड, एक सुकाणू आणि आत जवळजवळ आडवा झालेला चालक. यातली सर्वांत लोकप्रिय नाव ‘डीएन’ या नावाने ओळखली जाते. ही आद्याक्षरं ‘डेट्रॉइट न्यूज’ या अमेरिकन वर्तमानपत्राची! त्याच्या कार्यशाळेत 1936-37च्या हिवाळ्यात ही नाव तयार झाली. सामान्य माणसाला घरी बनवता यावी, हाच तिचा उद्देश होता. लांबी बारा फूट, शीड साठ चौरस फुटांचं. एवढीशी नाव वाऱ्याच्या वेगाच्या तिप्पट-चौपट वेगाने सुटते.

वाऱ्याने ढकललेली वस्तू वाऱ्यापेक्षा जोरात कशी जाईल? स्कूटर चालवणाऱ्याला हे समजायला अवघड नाही. पानही हलत नसलं तरी स्कूटर सुटली की तोंडावर वारा लागतो. नाव आडव्या वाऱ्यात धावू लागली की तिच्याही वाट्याला असा स्वतःच्या वेगाचा वारा येतो. तो मूळच्या वाऱ्यात मिसळतो आणि शिडाला आणखी जोर देतो. पाण्यात हा वाढीव जोर पाणी कापण्यातच खर्ची पडतो. बर्फावर घर्षण नगण्य, त्यामुळे वेग वाढतच जातो.

आता खरी गंमत. एस्टोनिया, लॅटव्हिया, पोलंड अशा देशांत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बर्फावरची एक छोटी नाव असते. ‘आइस ऑप्टिमिस्ट’ तिचं नाव. हिला शीड लागतं ते उन्हाळ्यात पाण्यावर वापरलेल्या ‘ऑप्टिमिस्ट’ होडीचंच. तळं गोठलं की तेच शीड पाती लावलेल्या नावेवर चढतं. डोक्याला हेल्मेट बांधून मुलं निघतात आणि मोठी झाली की डीएनकडे वळतात. म्हणजे बर्फावर जाणारी वाटही पाण्यातल्या छोट्या होडीपासून सुरू होते.

ही ऑप्टिमिस्ट होडी अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स या नौकाकाराने 1947मध्ये बनवली. मुलांना परवडेल अशी, साध्या प्लायवुडची. आठ फुटांहून लहान आणि वजनाला पस्तीस किलो. दिसायला सुबक म्हणावी अशी नव्हेच, न्हाणीघरातल्या टबाला शीड लावल्यासारखी दिसते. पण जगभरातले अनेक नामांकित शिडाचे खेळाडू याच टबातून पुढे आले. चेन्नईचे के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर लहानपणी ऑप्टिमिस्टमध्येच शिकले आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये जोडीने उतरले.

चेन्नईच्याच नेत्रा कुमननची गोष्ट तर घराघरांत सांगावी अशी आहे. तिने टेनिस खेळून पाहिलं, सायकलिंग केलं, भरतनाट्यमही शिकली. बाराव्या वर्षाच्या सुमारास सुट्टीतल्या शिबिरात होडीत बसली आणि तिथेच रमली. 2021 साली टोकियोला जाताना ऑलिंपिकच्या नौकानयनासाठी पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला होती. तिथे तिचा क्रमांक 35वा आला, तर 2024मध्ये पॅरिसला 21वा. भरतनाट्यमला आजची मांडणी ज्या चार भावांनी दिली ते सरफोजीराजांच्या दरबारातले, म्हणजे तंजावरचेच. तंजावरच्या मराठी घरांत मुलीला नृत्याला घालणं नवं नाही. होडीत घालणं मात्र अजून नवंच.

त्याला कारणंही आहेत. तंजावरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, पट्टुकोट्टैच्या पुढे मनोरा नावाची आठमजली षट्कोनी इमारत समुद्राकडे तोंड करून उभी आहे. नेपोलियनच्या पाडावाच्या आठवणीसाठी दुसऱ्या सरफोजीराजांनी ती 1814च्या सुमारास बांधली. समोर पाल्कची सामुद्रधुनी. पाणी उथळ, तळाशी सागरी गवत. ते खाणाऱ्या समुद्रगाईंसाठी 2022 साली तमिळनाडू सरकारने हा पट्टा राखीव केला. आवाज नाही, धूर नाही, तेल नाही अशी शिडाची होडी इथे शोभेलही. पण याच पूर्व किनाऱ्याने 2004ची त्सुनामी पाहिली. नोव्हेंबर 2018मध्ये आलेल्या ‘गज’ चक्रीवादळाने पट्टुकोट्टैच्या बाजूच्या नारळाच्या बागा झोपवल्या. अशा मुलखातली आई ‘पाण्यात नको रे बाबा’ म्हणाली, तर तिला भित्री कोण म्हणेल?

म्हणून तिला एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या खेळातला सुरुवातीचा धडाच बुडण्याचा असतो! शिक्षक मुद्दाम होडी उलटवतात. अंगात जीवरक्षक जाकीट असतं आणि जवळ मोटरबोट उभी असते. मुलाने होडीला धरून राहायचं, मग खालच्या फळीवर भार देऊन ती सरळ करायची आणि आतलं पाणी उपसायचं. दोन-चार वेळा हे जमलं की भीती पुष्कळशी ओसरते आणि पाण्याचा धाक तेवढा उरतो. तो राहिलेलाच बरा. पोहता येणं हवंच. ऑक्टोबर ते डिसेंबर या वादळांच्या महिन्यांत या किनाऱ्यावर नवशिक्यांना पाण्यात उतरवू नये. आणि जाकिटं व मदतीची बोट यांवर पैसे वाचवणाऱ्या शिबिरात मूल पाठवूच नये, मग फी कितीही कमी असो.

दुसरी अडचण पैशांची. ‘हा श्रीमंतांचा खेळ’ हा समज अगदीच खोटा नाही, कारण होडी विकत घेणं मध्यमवर्गीय घराला परवडत नाही. पण सुरुवातीला विकत घ्यावी लागतच नाही, ती क्लबची असते. नेहा ठाकूरचं उदाहरण पाहा. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली ही शेतकऱ्याची मुलगी. देवास म्हणजे पवारांचं जुनं मराठी संस्थान, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. भोपाळच्या तलावावर शिकून तिने 2023मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आणलं, तेही सतराव्या वर्षी. त्याच स्पर्धेत वेल्लोरच्या विष्णु सरवननने कांस्यपदक मिळवलं. त्याचे वडील सैन्यात होते, शिडाची ओळख त्यांनीच करून दिली. तोही पुढे सैन्यात गेला. हैदराबादच्या हुसेनसागरावर तर सरकारी शाळांतली, गरीब वस्त्यांतली मुलं शर्यती जिंकताहेत.

मग तंजावर जिल्ह्यातच हे का रुजू नये? इथल्या कोळ्यांच्या मुलांना वारा कुठून फिरतोय हे पुस्तकाशिवाय कळतं. जूनमध्ये मेट्टूरचं पाणी सुटलं की गावोगावची पोरं कालव्यात उड्या मारतात. उणीव आहे ती दहा-बारा होड्यांची आणि जाणत्या शिक्षकाची. सध्या शिकायचं तर चेन्नई गाठायची, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. शाळकरी मुलाला ते सुट्टीतच जमणार, तेही कुणी नातेवाईक तिथे असतील तर. कॉलेजच्या मुलांना एन.सी.सी.च्या नौदल शाखेचा दुसरा रस्ता आहे. तिथे शिडाची होडी प्रशिक्षणातच शिकवतात. आपल्या कॉलेजात ही शाखा आहे का, एवढी चौकशी प्रवेश घेतानाच करून ठेवावी.