फोन ठेवल्यावर वाचायचे टपाल

ऑफलाइन मेल रीडर म्हणजे फोनची लाइन अडवून न ठेवता टपाल वाचण्याचा आणि उत्तरे लिहिण्याचा प्रोग्रॅम. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत एमएस-डॉसवर चालणाऱ्या संगणकांत ‘एसएलएमआर’, ‘ब्लू वेव्ह’ असे रीडर वापरले जात. त्यांतले टपाल येई ते बुलेटिन बोर्ड सिस्टिमवरून, म्हणजे बीबीएसवरून. अशी पहिली सार्वजनिक यंत्रणा वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १९७८ मध्ये शिकागोत सुरू केली. टॉम जेनिंग्ज यांच्या फिडोनेटने १९८४ पासून असे बीबीएस फोनने एकमेकांना जोडले आणि एका गावातले पत्र रातोरात दुसऱ्या गावी पोचू लागले.

अनेक बीबीएस घरातल्या एकाच फोन लाइनवर चालत. एक जण आत असला की बाकीच्यांना एंगेज टोन. म्हणून सिसॉप, म्हणजे बीबीएस चालवणारा, प्रत्येकाला दिवसाला ठरावीक मिनिटेच देई. शिवाय लांबच्या कॉलला मिनिटागणिक बिल चढे. २४०० बीपीएसचा, म्हणजे सेकंदाला २४०० बिट आणणारा, मोडेम सेकंदाला सुमारे २४० अक्षरे आणतो. ८० रकाने आणि २५ ओळींचा पडदा पूर्ण भरायला २००० अक्षरे लागतात, म्हणजे आठ सेकंदांहून अधिक वेळ. वाचण्यात आणि विचार करून टंकण्यात जाणारा वेळ वेगळाच.

यावर तोडगा निघाला तो पाकिटाचा. मार्क हेरिंग यांनी १९८७ मध्ये आणलेला ‘क्यूडब्ल्यूके’ हा त्याचा सर्वाधिक रुळलेला साचा. वापरणारा बीबीएसला फोन लावून टपालाचा विभाग उघडतो. मागच्या खेपेनंतर आलेली पत्रे बीबीएसचा संगणक गोळा करतो, ती झिपमध्ये आवळतो आणि फाइल पाठवण्याच्या झेडमोडेम पद्धतीने धाडतो. लाइन मध्येच तुटली, तर झेडमोडेम पुढच्या खेपेला उरलेल्या भागापासून उचलू शकते. दीड केबीची शंभर पत्रे आवळून साठ केबीवर आली, तर २४०० बीपीएसवर ती सव्वाचार मिनिटांत उतरतात. उतरली की फोन ठेवायचा.

पाकीट उलगडल्यावर आत दोन मुख्य फायली दिसतात. कंट्रोल डॉट डॅटमध्ये बीबीएसचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि चर्चाविभागांची यादी असते. मेसेजेस डॉट डॅटमध्ये सगळी पत्रे एकापाठोपाठ रचलेली असतात. प्रत्येक पत्र १२८ बाइटच्या ठोकळ्यांत बसवतात. पहिला ठोकळा मथळ्याचा, पुढचे मजकुराचे. हजार अक्षरांच्या मजकुराला आठ ठोकळे लागतात, मथळा धरून नऊ. शेवटच्या ठोकळ्यातली उरलेली जागा रिकाम्या अक्षरांनी भरतात. पाठवणारा, घेणारा आणि विषय यांना प्रत्येकी २५ अक्षरांची जागा असल्याने लांब विषय मध्येच छाटला जातो. ओळ संपल्याची खूण म्हणून दोन बाइटऐवजी २२७ क्रमांकाचा एकच बाइट वापरतात. अमेरिकी डॉसमध्ये हा क्रमांक ‘पाय’ या ग्रीक अक्षराचा. तिथे त्याने फारसे अडत नव्हते. पण डॉसच्या रशियन संकेतप्रणालीत तोच क्रमांक रोजच्या वापरातल्या ‘उ’ या स्वराचा निघाला.

रीडरमध्ये काम चालते ते कीबोर्डवर. बाणांच्या कळांनी विभाग निवडायचा, एंटर दाबून पत्र उघडायचे आणि उत्तराची कळ दाबली की मूळ मजकूर संपादकात येतो. त्याच्या प्रत्येक ओळीपुढे मूळ लेखकाची आद्याक्षरे आणि बाणाचे चिन्ह लागते. नको त्या ओळी खोडून, हव्या तेवढ्याखाली उत्तर लिहायचे. घड्याळ चालू नसल्याने खाडाखोडीला सवड मिळते. पत्राच्या तळाशी रीडर एखादी चटकदार ओळ, म्हणजे टॅगलाइन, जोडू शकतो. अशा ओळी जमवणे हा अनेकांचा छंदच होता.

लिहिलेली उत्तरे ‘आरईपी’ या पाकिटात जातात. पुढच्या कॉलला ते आधी चढवायचे आणि मग नवे पाकीट उतरवायचे. चढवायचे राहिले, तर उत्तर संगणकातच पडून राहते. तेच पाकीट दोनदा चढवले, तर पत्राच्या दोन प्रती होण्याची भीती असते. विलंब मात्र टळत नाही. प्रश्न वाचून उत्तर धाडेपर्यंत त्याच विभागात आणखी तिघांनी तेच सांगितलेले असू शकते.

साठवून पुढे पाठवण्याचे हे तत्त्व भारतातही वापरले गेले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईतल्या एनसीएसटी आणि आयआयटी या संस्थांत अर्नेट या शैक्षणिक-संशोधन जाळ्याची सुरुवातीची ई-मेल डायल-अपवर, यूयूसीपी पद्धतीने ये-जा करी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीने सार्वजनिक इंटरनेट सुरू केले. त्यातल्या शेल खात्यांवर मजकुरी पडदा होता, पण तिथे पत्र लाइन चालू ठेवूनच वाचावे लागे. पाकिटांची ही पद्धत मात्र पुरती संपलेली नाही: क्यूडब्ल्यूके पाकिटे उघडणारा ‘मल्टिमेल’ हा रीडर आजच्या लिनक्सवरही चालतो.