कोडच्या ओळी मोजून ‘नवं’ सापडतं का?

सावनेरहून बोलतोय. आजचा प्रश्न थेट घेऊ: एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये नवं किती आहे, हे मोजायचं कसं?

सगळ्यात सोपी पट्टी म्हणजे कोडच्या ओळी. 1982 मध्ये ॲपलचे मॅनेजर इंजिनिअरांकडून दर आठवड्याला ओळींचा आकडा मागू लागले. बिल ॲटकिन्सन यांनी चित्रं काढणाऱ्या कोडचा एक भाग नव्याने लिहिला. तो कितीतरी वेगवान झाला आणि सुमारे 2000 ओळी कमी झाल्या. फॉर्मवर त्यांनी भरलं: उणे 2000!

बरं, मग पेटंट मोजू? आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. म्हणजे ही पट्टीही तोकडी.

आता शेतातलं उदाहरण घ्या. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आधी पिकाची नोंद तलाठी करायचे. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून संत्र्याचा, कपाशीचा फोटो काढतो आणि नोंद सातबाऱ्यावर चढते. यात नवं काय? कॅमेरा जुना, जीपीएस जुनं, फॉर्मही जुनाच. बदललं ते एवढंच, की नोंद कोण करतं! आणि हे कोडच्या ओळी मोजून दिसणारच नाही.

नवकल्पना मोजण्यासाठी जगभर वापरतात ते ‘ऑस्लो मॅन्युअल’ही हेच सांगतं: गोष्ट आधीपेक्षा ठळकपणे वेगळी हवी, आणि वापरणाऱ्यांसाठी उपलब्ध झालेली किंवा प्रत्यक्ष वापरात आलेली हवी.

मग वापरणारे मोजले की झालं? इथंच खरी गोम आहे. हमीभावाने माल विकायचा, नुकसानभरपाई मागायची, तर नोंद लागते. त्यामुळे आकडा वाढणारच. शेजारच्या पोराने अर्ध्या गावाची नोंद करून दिली, तरी डॅशबोर्ड हिरवाच दिसेल. पण ज्या म्हाताऱ्या बाईकडे स्मार्टफोन नाही, तिचं काम सोपं झालं की ती आणखी एका माणसावर अवलंबून राहिली, हे तो आकडा सांगत नाही.

म्हणून मी तीन प्रश्न विचारतो. आधी जे जमत नव्हतं, ते आता कोणाला जमतं? कोणाचा हेलपाटा वाचला? आणि सक्ती नसती, तरी लोकांनी हे वापरलं असतं का?

उत्तरं एका आकड्यात मावत नाहीत. त्यासाठी बांधावर जाऊन विचारावं लागतं.

तुमच्या फोनमधल्या एखाद्या ॲपला हे तीन प्रश्न लावून बघा. भेटू पुढच्या भागात!