कामाच्या धबडग्यातला श्वास

वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात कामरगाव आहे. सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या या पट्ट्यात पेरणी लागली की सोंगणीपर्यंत माणसाला उसंत नसते. अशा माणसाला ध्यान करा म्हटलं, तर ‘वेळ कुठाय?’ हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. पण ज्या ध्यानाला वेगळी खोली लागत नाही, आसन लागत नाही, पैसा तर नाहीच, असं एक ध्यान आहे. त्याचं साधन नाकाशीच असतं.

श्वासाची गोष्ट शरीरात अगदी निराळी आहे. हृदय, यकृत, आतडी आपल्या हुकमावर चालत नाहीत. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपलंही ऐकतो. झोपेत मेंदूच्या बुंध्यातला पेशींचा एक इवलासा समूह त्याचा ठेका सांभाळतो. जागेपणी तोच श्वास आपण गाताना लांबवतो, विहिरीत सूर मारताना रोखतो. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. दिवसाचे वीस हजारांच्या आसपास होतात आणि त्यातल्या बहुतेकांची आपल्याला दादही नसते.

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. हे काम मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूचं. उच्छ्वास लांबला की शरीराला विसाव्याचा निरोप जातो. इटलीतले संशोधक लुचानो बर्नार्दी यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे ओम’ हा मंत्र म्हणायला लावून मोजमाप केलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला. दोन धर्मांच्या जपांनी श्वासाला एकाच लयीत आणावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

असं मोजमाप आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी सुरू झालं होतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं, ‘योगमीमांसा’ त्रैमासिक काढलं आणि प्राणायामाला प्रयोगशाळेत आणलं.

प्राणायामात श्वासाला वळण लावायचं असतं. आनापानात तो जसा आहे तसा नुसता पाहायचा. आनापानाची जी परंपरा महाराष्ट्रात रुजली, तिचे एक आचार्य चक्क सरकारी हिशेबनीस होते. सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल. आनापान ही ज्या विपश्यना साधनेची पहिली पायरी, तिचं मंडळ त्यांनी १९५० साली आपल्या कचेरीतच काढलं आणि हिशेबाच्या टेबलांशेजारी ध्यानाला जागा केली. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका मंडालेत जन्मलेले उद्योजक. अर्धशिशीने हैराण होऊन ते १९५५ साली या साधनेकडे वळले, १९६९ साली भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून शिबिरं होऊ लागली. पुढे राज्य सरकारच्या ‘मित्र उपक्रमा’तून आनापान राज्यातल्या शाळांतही गेलं. घरातल्या शाळकरी मुलाला विचारून पाहा, कदाचित तोच तुम्हाला शिकवील.

कृती सोपी आहे. पाठ ताठ ठेवून बसा किंवा उभे राहा. नाकपुड्यांच्या तोंडाशी, वरच्या ओठाच्या वर लक्ष ठेवा. आत येणारी हवा जराशी गार, बाहेर जाणारी कोमट लागते. बारकाईने पाहिलं तर बहुतेक वेळा एकच नाकपुडी जास्त मोकळी असते. काही तासांनी पाळी बदलते, कारण नाकातलं अस्तर आलटून पालटून फुगतं. मन भटकणारच. ते भटकलं हे कळलं, की रागावू नका, पुन्हा श्वासावर या. परत येणं हाच खरा सराव आहे.

जागा दिवसातच सापडतात. एसटीची वाट पाहताना, रेशनच्या रांगेत, मोटारीला थ्री-फेज लाइन येईपर्यंत बांधावर, दुकानाचं शटर उघडण्याआधी. दहा श्वासांना मिनिटभरही लागत नाही. दिवसातून चार वेळा दहा-दहा श्वास, एवढ्यावर सुरुवात करा आणि जमेल तेव्हा सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं बसा. ट्रॅक्टर किंवा दुचाकी चालवताना मात्र डोळे मिटून हा प्रयोग कधीही नको.

गरगरलं तर थांबा, श्वास बळाने रोखू नका. रक्तदाबाची किंवा दम्याची औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मनाचा त्रास मोठा असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, ध्यान त्यांच्या सल्ल्यानेच सुरू करा.