गुठळी टिकवणारं औषध

भारतात घरातल्या कुणाचं मोठं ऑपरेशन ठरलं की फॅमिली ग्रुपवर मेसेज येतो: ‘रक्ताची सोय करायची आहे, डोनर हवेत.’ आपण इतक्या लांबून तो फक्त फॉरवर्ड करतो. पण त्याआधीचा एक प्रश्न आहे: मुळात रक्त कमी कसं जाईल?

पूर्वी याचं उत्तर सर्जनच्या हातात होतं. सुश्रुतसंहितेतल्या रक्त थांबवण्याच्या उपायांमध्ये डागणंही आहे. सोळाव्या शतकात फ्रेंच सर्जन आंब्रुआझ पारे याने अवयव कापल्यावर डागण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधण्याची पद्धत पुढे आणली. १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले आणि गेलेलं रक्त भरून काढण्याची वाट उघडली. तिसरी वाट सापडली जपानमध्ये.

युद्धानंतरच्या टोकियोत उताको ओकामोतो पती शोसुके यांच्याबरोबर संशोधन करत होत्या. पैसे कमी. रक्त हा विषय निवडला, कारण कमी पडलं तर स्वतःचं काढता येईल! बाळंतपणात रक्तस्राव होऊन बायका दगावतात, ते उताकोंना थांबवायचं होतं.

रक्त गोठतं तेव्हा फायब्रिनच्या धाग्यांची जाळी तयार होते. शरीर ती विरघळवायलाही लागतं. ते काम प्लाझमिन या एन्झाइमचं. प्लाझमिन ज्यापासून बनतं ते प्लाझमिनोजेन, फायब्रिनवरच्या लायसिनला पकडून जाळीला चिकटतं. ओकामोतोंचं ट्रानेक्झॅमिक अॅसिड लायसिनसारखंच दिसतं. ते प्लाझमिनोजेनची पकडायची जागा आधीच अडवतं. म्हणजे हे औषध गुठळी बनवत नाही, बनलेली टिकवतं.

हे संशोधन १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं. पण बाळंतिणींवर चाचणी घ्यायला उताकोंना डॉक्टर मिळाले नाहीत. औषध दात काढताना आणि पाळीच्या अतिस्रावासाठी वापरलं जात राहिलं.

२०१० मध्ये ‘क्रॅश-२’ या २० हजारांहून जास्त जखमी रुग्णांच्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण १६ वरून १४.५ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये ‘वूमन’ चाचणीत दिसलं, की प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत औषध दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटतात. उताको त्याच्या आदल्याच वर्षी वारल्या होत्या.

शस्त्रक्रियेचं काय? २०२२ च्या ‘पॉइज-३’ चाचणीत, हृदय सोडून इतर ऑपरेशनच्या ९,५३५ रुग्णांमध्ये, गंभीर रक्तस्राव ११.७ वरून ९.१ टक्क्यांवर आला. नको तिथे गुठळी होण्याचा धोका मात्र त्या चाचणीने पूर्णपणे निकालात काढलेला नाही, त्यामुळे कुणाला द्यायचं हे डॉक्टरच ठरवतात.

पुढच्या वेळी तो मेसेज आला तर फॉरवर्ड जरूर करा. पण फोन करून दोन गोष्टीही विचारा: ‘हिमोग्लोबिन तपासलं का? रक्त कमी जावं म्हणून डॉक्टर काय करणार आहेत?’ हे इतक्या लांबूनही विचारता येतं.