वाटेत थांबणाऱ्या स्कूटरचे कोडे

समजा, तुमचे घर सोलापूरच्या नव्या पेठेत आहे. आई घरी टॉवेलच्या कडा शिवते. ते गठ्ठे पोहोचवायला रोज रिक्षाचे पैसे जातात, म्हणून वडिलांनी साठवलेल्या पैशांतून एक जुनी स्कूटर घेतली. दारात ती दोन किकमध्ये सुरू झाली. नारळ फोडला, पेढे वाटले. पण गठ्ठे घेऊन निघालेली गाडी दोन-अडीच किलोमीटर गेली आणि फुरफुर करून थांबली! दहा मिनिटांनी ती पुन्हा सुरू झाली आणि थोड्या अंतरावर पुन्हा थांबली. एक शेजारी म्हणतात, "कार्बोरेटर बदला." दुसरे म्हणतात, "इंजिन गेलं, विकून टाका." पैसे तर संपलेले. आता काय करावे बरे?

पाना हातात घेण्यापूर्वी थोडा विचार करू या. १९७२ साली बाजारात आलेली बजाज चेतक स्कूटर आणि त्याच वर्षीची कायनेटिक लुना या दोन्ही आपल्या महाराष्ट्रात तयार झालेल्या गाड्या. आज त्याच नावांच्या नव्या गाड्या विजेवर चालतात. पण त्या काळच्या गाड्यांत 'टू-स्ट्रोक' म्हणजे दोन धावांचे इंजिन असे. सिलिंडरमधील दट्ट्या एकदा वर गेला आणि एकदा खाली आला, की एक ज्वलन पूर्ण होते. थंड देशांत बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइल गाड्यांतही कित्येक वर्षे बहुधा असेच इंजिन बसवीत. म्हणजे कॅनडातला मुलगा बर्फात आणि तुम्ही सोलापूरच्या उन्हात, दोघांपुढचे कोडे एकच!

या इंजिनाला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. चारांपैकी एक कमी पडली, की गाडी रुसते. कोणती कमी पडली, हे एकेक करून शोधायचे. नियम दोनच. सोपी आणि बिनखर्चाची तपासणी आधी करायची. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर कशामुळे झाली हे कसे कळणार? हे काम मोठ्या माणसाबरोबर, उघड्या जागी आणि इंजिन थंड असतानाच करा. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण लांबच्या ठिणगीनेही पेट घेते.

प्रथम दाब पाहू. किक हाताने हळूहळू दाबा. मध्येच चांगला अडथळा जाणवला, तर सिलिंडरमध्ये दाब तयार होतो आहे. किक अगदी सैल गेली, तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव आहे. आपल्या गाडीची किक घट्ट आहे. दाब ठीक!

मग ठिणगी. प्लग काढून त्याचे टोक पाहा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. काळाकुट्ट व तेलकट असेल, तर पेट्रोलमध्ये तेल जास्त पडत असावे किंवा हवा कमी मिळत असावी. या इंजिनाला वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावे लागते. साधारणपणे लिटरला २० मिलिलिटर. तेल कमी पडले तर दट्ट्या तापून सिलिंडरमध्ये अडकतो, जास्त झाले तर धूर होतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचते. प्लगला ठिणगी पडते की नाही, हे मात्र मेकॅनिकलाच पाहू द्या. तेथे विजेचा दाब काही हजार व्होल्टचा असतो. आपला प्लग तपकिरी निघाला आणि ठिणगीही चांगली पडली.

हवेची गाळणी काढून पाहिली, तीही स्वच्छ. आता उरले पेट्रोल. आणि येथेच गाडीने आपल्याला खूण दिली आहे. ती सुरू होते, थोडी चालते, थांबते आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालते. प्रवासाची एक वही ठेवा. वहीत आणखी एक गंमत दिसते: टाकी काठोकाठ भरली, की गाडी लवकर थांबते, अर्धी असली, की जास्त लांब जाते! असे का?

पेयाची नळी भरून घ्या आणि वरचे तोंड बोटाने बंद करा. नळी उभी धरली तरी पेय खाली पडत नाही. बोट काढले, की हवा आत शिरते आणि पेय सांडते. स्कूटरची टाकी कार्बोरेटरच्या वर असते, आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. तेवढी हवा वरून आत यावी, म्हणून टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले, तर टाकीतील हवेचा दाब कमी होऊ लागतो.

किती कमी झाला तर पेट्रोल अडेल? टाकीतील पेट्रोलची पातळी कार्बोरेटरपेक्षा ३० सेंटिमीटर वर आहे असे धरा. पेट्रोल पाण्याहून हलके. त्याच्या एवढ्या स्तंभाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अवघा २ टक्के भरतो. म्हणजे टाकीतील दाब २ टक्के घटला, की प्रवाह थांबला! टाकीत ३ लिटर हवा असेल, तर ती २ टक्के, म्हणजे ६० मिलिलिटर पसरेपर्यंतच पेट्रोल उतरेल. लिटरला ४० किलोमीटर जाणारी गाडी तेवढ्यात सुमारे अडीच किलोमीटर जाईल. टाकी भरलेली असेल आणि हवा १ लिटरच असेल, तर १ किलोमीटरही नाही. हिशेब अंदाजी आहे. कारण कार्बोरेटरमध्ये थोडे पेट्रोल शिल्लक असते आणि टाकीत पेट्रोलची वाफही असते. पण वहीतील नोंदींशी तो जुळतो. गाडी उभी असताना झाकणाच्या फटीतून हळूहळू हवा शिरते, म्हणून ती पुन्हा सुरू होते.

आता परीक्षा. गाडी थांबली, की ती बाजूला घेऊन वडिलांना झाकण सैल करायला सांगा. 'फुस्स' असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर चोर सापडला! झाकण काढून, धुऊन, छिद्र बारीक तारेने मोकळे करा. खर्च शून्य. मात्र झाकण सैल ठेवून गाडी कधीही चालवू नका.

आवाज आलाच नाही, तर? निराश होऊ नका. एक शक्यता कमी झाली. मग पेट्रोलचा कॉक, नळी आणि कार्बोरेटरचा जेट पाहा. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुन्या गाडीतील रबरी नळ्या फुगतात किंवा चिरतात. त्या बदलून घ्याव्यात.

आणि एक राहिलेच. गाडी सुरू झाली म्हणजे काम संपले नाही. गठ्ठे लादून बाजारातील गर्दीत शिरण्यापूर्वी दोन्ही ब्रेक, त्यांच्या वायरी आणि टायर तपासून घ्या. न धावणारी गाडी गैरसोय करते. न थांबणारी गाडी घात करते.

उद्या सायकल कुरकुरली किंवा पंखा थांबला, तर लगेच "बदलून टाका" म्हणू नका. आधी वही उघडा, आणि त्याने कोणती खूण दिली आहे ते लिहून ठेवा.