दूरचा समुद्र आणि आपला पाऊस

द्वितीय वर्ष, कला

पनवेलकरांना पावसाचे फारसे अप्रूप नाही. जूनमध्ये तो येतो, गाढी नदी भरते आणि छत्र्या, चिखल व लोकलची रखडपट्टी सुरू होते. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावाला 'पाऊस आलाच नाही तर?' हा प्रश्न सहसा पडत नाही. माझ्या आजीला मात्र तो दर वर्षी पडतो. मृग लागला की ती दारात बसून आभाळाकडे बघत राहते.

आजी मूळची सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातली. सह्याद्री पावसाचे ढग आपल्याकडेच रिकामे करतो. पलीकडच्या माणच्या वाट्याला जेमतेम पाचशे मिलिमीटर येतात. १९७२ साली ती नुकतीच सासरी आली होती. विहिरी आटल्या, वैरण संपली, तेव्हा सासऱ्यांनी बैलजोडी मिळेल त्या भावाने विकली. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तेथे मिळणाऱ्या सुकडीची चव तिला अजून आठवते. पुढे आजोबा घाट उतरून पनवेलला आले व भाताच्या गिरणीत हमाली करू लागले. आम्ही पनवेलकर झालो ते असे. "देव कोपला व्हता," एवढेच आजी त्या वर्षाबद्दल सांगते. यंदा भूगोलाच्या तासाला मला दुसरे कारण समजले.

पॅसिफिक महासागरावर एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे व्यापारी वारे वाहतात. ते पृष्ठभागावरचे उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. तेथे हवा तापून वर चढते, ढग बनतात, पाऊस पडतो. काही वर्षी हे वारे मंदावतात. मग उबदार पाणी पूर्वेकडे सरकते आणि हवा वर चढण्याची जागाही त्याच्याबरोबर सरकते. उलट आपल्या बाजूला हवा खाली उतरू लागते. खाली उतरणारी हवा ढगांना वाढू देत नाही. याला 'एल निनो' म्हणतात. हे पाणी नाताळच्या सुमारास येते म्हणून पेरूच्या कोळ्यांनी त्याला बाळ येशूचे नाव दिले. दर दोन ते सात वर्षांनी ते परत येते. १९७२ साली ते आले आणि देशाचा मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने घटला. २००२, २००९ आणि २०१५ ही तुटीची वर्षेही एल निनोचीच.

याहूनही संथ चक्रे समुद्रात चालतात. उत्तर अटलांटिकचे पाणी काही दशके थोडे उबदार, तर पुढची काही दशके थोडे थंड राहते. ते उबदार असताना आपला मोसमी पाऊस एकंदरीत बरा असतो, थंड असताना दुबळा, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. पॅसिफिकमध्येही वीस-तीस वर्षांची अशीच एक चढउतार असते. आपल्या पावसाची जुनी नोंद पाहिली म्हणजे याचा अर्थ कळतो. १९३१ ते १९६० या तीस वर्षांत देशभर मोठी तूट पडली ती १९४१ आणि १९५१ अशी दोनच वेळा. त्यानंतरच्या तीस वर्षांत मात्र १९६५, १९६६, १९७२, १९७९, १९८२, १९८७ अशी रांगच लागली. 'आमच्या काळी पाऊस वेळेवर यायचा' हे जुन्या माणसांचे बोलणे आपण हसण्यावारी नेतो, पण त्यात तथ्य असू शकते.

मात्र समुद्र तापला की दुष्काळ पडलाच, असेही नाही. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील अत्यंत प्रबळ एल निनोंपैकी एक. सर्वांनी धास्ती घेतली, पण देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी आपल्याच हिंदी महासागराचा पश्चिम भाग उबदार व पूर्व भाग थंड झाला होता. ही रचना पावसाला पोषक ठरते. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन केले. त्यांत भारतीयही होते. २०१९ सालीही ती प्रबळ होती आणि देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला. तात्पर्य, समुद्र निकाल देत नाही. तो फक्त पारडे एका बाजूला झुकवतो.

हे सारे मी आजीला माझ्या परीने सांगितले. तिने एकच विचारले, "मग तवा कुणाला कळलं न्हाई व्हय?"

भारतीय हवामान खात्याचे प्रमुख म्हणून १९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर यांनी पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील हवेचा दाब तराजूसारखा वर-खाली होतो, हे १९२० च्या दशकात दाखवले होते. त्या तराजूचा आणि एल निनोचा संबंध बर्कनेस यांनी १९६९ साली जोडला. पण समुद्राचे तापमान सतत मोजणारे तरंगते बोये पॅसिफिकभर बसवले गेले ते १९८२-८३ च्या एल निनोनंतर. १९७२ साली माणच्या शेतकऱ्याला आधी सांगू शकेल असे कोणी नव्हते. आज बोये आहेत, उपग्रह आहेत, आणि हवामान खाते एप्रिलमध्येच मोसमी पावसाचा पहिला अंदाज देते.

"अंदाज चुकतोही," मी म्हटले. आजी म्हणाली, "चुकू दे की. पर आदी कानावर आलं असतं, तर बैलं येळंवर इकली असती. दोन पैसं तरी आलं असतं."

मला वाटते, अंदाजाचा उपयोग याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही. समुद्राचे आकडे शास्त्रज्ञ मोजतात, पण ते बहुतेक इंग्रजीत असतात. जिच्या दावणीला बैल आहेत तिला कळेल अशा मराठीत ते वेळेवर पोहोचवणे, हे काम आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही करता येण्यासारखे आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. निदान सुरुवात आजीपासून झाली आहे.