रॉकचं महाराष्ट्र कनेक्शन

पाचगणीचा फ्रेडी
• फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारोख बलसारा. पारशी. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार.
• आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, बोर्डिंगला. ‘फ्रेडी’ हे नाव तिथल्याच पोरांनी पाडलेलं.
• १९५८ : पाच शाळकरी मुलांचा बँड, ‘द हेक्टिक्स’. फ्रेडी पियानोवर, मुख्य गायक (आज खरं वाटणार नाही) दुसराच मुलगा.
• १९६४ : कुटुंब इंग्लंडला. १९७० : ‘क्वीन’ची स्थापना. १९७५ : ‘बोहेमियन रॅप्सोडी’, जवळपास सहा मिनिटांचं गाणं. निधन २४ नोव्हेंबर १९९१, लंडन.

मुंबईत
• जानेवारी १९६८ : ‘बीटल्स’चा जॉर्ज हॅरिसन एचएमव्हीच्या स्टुडिओत. ‘वंडरवॉल म्युझिक’साठी संतूर वाजवलं शिवकुमार शर्मांनी.
• नंदू भेंडे : मराठी घरातला रॉक गायक, आत्माराम भेंडे यांचा मुलगा. इंग्रजी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्युडास, पुढे १९७८ मध्ये पु. लं.च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अंकुश. निधन २०१४.

गल्लत नको
• भारतात जन्मलेले पॉप गायक वेगळे : क्लिफ रिचर्ड लखनौचा (१९४०), एंगलबर्ट हंपरडिंक मद्रासचा (१९३६). फ्रेडी भारतात जन्मला नाही, शिकला.